डाव्या वळणाचा हॉर्न

गाडी चालवता येणं आणि आमची गाडी चालवता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. दुसरी जगात फक्त मला येत होती. ‘होती’ म्हणतो, कारण आता तिचा काही उपयोग राहिलेला नाही, आणि ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आमच्या हिची ही हकिकत तिच्या बाजूने सगळीकडे सांगून झालेली आहे. दुसरी बाजू ऐकून घ्यायला अजून कोणी तयार झालेलं नाही, म्हणून लिहितोय.

तर ब्रेकपासून सुरुवात करू. आमच्या गाडीचा ब्रेक तीनदा दाबावा लागायचा. पहिले दोन दाब विनंतीचे, तिसरा हुकमाचा. दुसरा गिअर टाकला की तो आपल्या जागी राहायचा नाही, त्याला गुडघ्याने आधार द्यायचा. स्टिअरिंग जरासं डावीकडे ओढून धरलं की गाडी नाकासमोर सरळ चालायची. मागच्या खिडकीची काच प्रत्येक खड्ड्याला खाली उतरायची, ती तळहाताने वर धरून बसणं हे आमच्या हिचं काम. पुढचं दार हळू लावलं तर लागायचंच नाही. ते आपटायचं, आणि आपटावं ते आईनेच. बहात्तराव्या वर्षीही तिच्या हातात ती ताकद आहे, आणि माझ्या लहानपणी ती कशाकशावर खर्च झाली हे मला चांगलं आठवतं.

पुढच्या सीटच्या स्प्रिंगा फार वर्षांपूर्वी बसल्या होत्या. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतो, तेव्हा घरात माझा शिकतानाचा एक जाड लाकडी ड्रॉइंग बोर्ड पडून होता. तो सीटवर घालून वरून कव्हर शिवून घेतलं. काम झालं, आम्ही विसरून गेलो.

आणि हॉर्न. गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे वळताना चिडीचूप. आमच्या मिस्त्रीने यावर “आतल्या आत काहीतरी लागतंय” असं निदान केलं होतं. या मिस्त्रीला सगळे बघूमिस्त्री म्हणतात, कारण काहीही सांगितलं तरी तो “बघू” म्हणतो. हॉर्नचंही तो बघणार होता. तोवर किलोमीटरचा आकडा सगळे नऊ दाखवून परत शून्यावर आला, आणि गाडी दुसऱ्यांदा तेवढंच अंतर कापायला निघाली.

आमच्या हिला त्या हॉर्नची भयंकर लाज वाटायची. डावं वळण आलं की ती खाली वाकून पायाशी काहीतरी शोधायला लागायची. “अहो, लोक आपल्याकडे बघतात,” म्हणायची. मी म्हणायचो, “बघू देत. रस्त्यावर आपल्याकडे बघितलेलं चांगलंच असतं.” लग्नाआधी ती रीतसर ड्रायव्हिंग शिकली होती, लायसन्सही होतं. हौसेने एकदा आमची गाडी चालवायला बसली आणि फाटकापर्यंत जाऊन परत आली. “याला गाडी चालवणं म्हणत नाहीत,” एवढं बोलून किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हापासून मी, “ही गाडी तुला जमायची नाही,” हे वाक्य बऱ्यापैकी वापरत आलो. आता वाटतं, जरा कमी वापरायला हवं होतं.

लोक म्हणतील, एवढं होतं तर नवी का नाही घेतली. घेतली असती. पण आईचा उजवा गुडघा एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. बसची पायरी तिला उंच पडते आणि टॅक्सी खोल. आमच्या वरच्या मजल्यावर मापकाका राहतात, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतली तेव्हा कौतुकाने आईला एक फेरी मारून आणली. आत बसताना आई हसत होती. बाहेर काढायला दोघे लागले, आणि तरीही एक चप्पल आतच राहिली. तेव्हापासून आई दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसत नाही. “आपल्या गाडीतून माझी मी उतरते,” म्हणते. तिला कोणी हात दिलेला चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि आईला गाडीतून एकाच ठिकाणी जायचं असतं. दर गुरुवारी, मावशीकडे. मावशी आईहून मोठी, आता घराबाहेर पडत नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर राहते. दोघी बहिणी रमी खेळतात. खेळतात म्हणजे भांडतात, पत्ते हातात असतात इतकंच. मावशीच्या गल्लीत शिरताना डावीकडे वळावं लागतं. तिथे आमचा हॉर्न वाजला की मावशी आत पत्ते वाटायला घ्यायची. आई उतरून, दार आपटून घरात जाईपर्यंत तिची पानं टेबलावर तयार असायची. आईचा आठवडा गुरुवारी उगवायचा आणि गुरुवारीच मावळायचा. मधले दिवस ती आम्हाला सांभाळून घ्यायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वाहन तपासणी कार्यालयाकडून कळलं की इतक्या जुन्या गाड्यांची आता तपासणी होणार. पास झाली तर रस्त्यावर, नाही तर भंगारात.

“सुटले एकदाची,” आमची ही म्हणाली.

मापकाका खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारून, वाकून, टिचक्या मारून म्हणाले, “माझ्या अंदाजाने ही गाडी निम्मी गाडी आहे. उरलेला निम्मा गंज.” मग त्यांनी भंगारवाला लोखंड वजन करताना कुठे फसवतो यावर अर्धा तास माहिती दिली. माणूस तसा वाईट नाही, पण त्यांच्याशी बोलून माझा नेहमी एखादा किलो उतरतो.

 संध्याकाळी आईने पर्समधला पत्त्यांचा जोड काढला, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. ते मी बघितलं.  तिथेच मी ठरवलं की गाडी पास होणार म्हणजे होणार, मग काय वाटेल ते करावं लागो.

गाडी घेऊन बघूमिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, “हे बघ, या वेळी ‘बघू’ चालणार नाही. एकूण एक दुरुस्ती करायची. नव्यासारखी पाहिजे.”

आता हा मनुष्य इतकी वर्षं थोडक्यात भागवत आला होता ते माझ्याच सांगण्यावरून. पूर्ण काम करायची परवानगी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आणि तो हातातून गेला. ब्रेकसाठी चाक काढलं, तर म्हणे चाकामागचं काहीतरी झिजलंय. ते काढायला गेला तर त्याला धरून ठेवणारं झिजलंय. गॅरेजमध्ये रोज जावं तर गाडी आदल्या दिवसापेक्षा लहान झालेली असायची आणि आजूबाजूचा पसारा मोठा. एके दिवशी मी विचारलं, “यातली गाडी कुठली?” त्याने विचार करून एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

मग प्रश्न आला सुट्या भागांचा. ही गाडी बनवणं बंद होऊन इतकी वर्षं झालीत की दुकानदार नाव ऐकून आधी हसतो, मग आपल्या वडिलांना हाक मारतो. शेवटी मापकाकांनीच खबर आणली की शहराबाहेरच्या एका नर्सरीत अगदी अशीच गाडी उभी आहे, डिकीत गुलाब आणि टपावर वेल.

नर्सरीवाले मोठे गोड बोलणारे गृहस्थ. सुटे भाग द्यायला एका पायावर तयार. फक्त त्यांची एक अट होती. ज्या भागावर जे झाड वाढलंय ते झाडही आपणच न्यायचं. “दार नेलंत तर ही वेल कुठे जाईल, साहेब? तिला या दाराची सवय झालीय,” म्हणाले. मी दार नेलं, वेल नेली. ब्रेकचे भाग नेले, त्यांच्यासोबत फर्नच्या कुंड्या आल्या. स्टिअरिंगबरोबर मनीप्लांट आला. गिअरबॉक्सबरोबर एक निवडुंग आला, तो मला मांडीवर घेऊन बसावं लागलं. त्यांच्या गाडीची पुढची सीट अगदी शाबूत होती, स्प्रिंगा नव्या कोऱ्या. बघूमिस्त्रीने तिथल्या तिथे ती काढली आणि सोबत आणलेली आमची जुनी सीट त्यांना देऊन टाकली. “वर कुंड्या छान राहतील,” नर्सरीवाले खूश होऊन म्हणाले. “चांगली कडक आहे.” मीही खूश झालो. घरी आमच्या बाल्कनीत आता माणसाला उभं राहायला जागा उरली नव्हती, आणि आमची ही सकाळी चहा घेऊन निवडुंगाच्या तावडीतून वाट काढताना जे बोलायची ते मी ऐकलं नाही असं समजायचो.

त्यानंतर कार्यालयाची पायरी. तपासणीची तारीख मिळण्याआधी कागदांची छाननी असते. खिडकीवरच्या कारकुनाने कागद बघितले, मान बाहेर काढून बघूमिस्त्रीने जेमतेम जोडून ओढत आणलेली गाडी बघितली आणि म्हणाला, “कागदावर रंग आकाशी आहे.”

“हो, आकाशीच आहे,” मी म्हटलं.

“ही राखाडी आहे.”

“रंग उडालाय, साहेब. उन्हात उभी असते.”

“मग रंग उडाल्याचा अर्ज करा.”

“तो कुठे करायचा?”

“त्याची खिडकी अजून सुरू झालेली नाही.”

मी हात टेकले. मग एकदम सुचलं आणि गाडीचं मागचं दार उघडून दाराच्या आतल्या कडेला बोट लावलं. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. स्वच्छ, सुरेख आकाशी रंग. कारकून उठून बाहेर आला, वाकून बघत राहिला. “छान होती हो,” म्हणाला. कागदावर शिक्का बसला. सरकारी नोकरीत मीही आहे, पण खिडकीच्या या बाजूला उभं राहून शिक्का बसताना बघण्यात जे सुख आहे ते पगारात नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी बघूमिस्त्रीने गाडी आणून फाटकात उभी केली. गाडी आवाज करत नव्हती. मला आधी वाटलं बंदच आहे. “एक दोष दाखवा, साहेब,” म्हणाला, आणि तो पहिल्यांदाच “बघू” न म्हणता गेला.

फेरी मारायची ठरली. मी आईला हाक मारणार तेवढ्यात मापकाका पुढे सरसावले. “पहिल्या चाचणीला प्रमाणित वजनाचा माणूस लागतो,” म्हणाले. त्यांचं वजन म्हणे गेली वीस वर्षं हललेलं नाही. ते पुढे बसले आणि दिसेनासे झाले. “सीट उत्तम,” आतून आवाज आला. “रस्ता दिसत नाही, पण फार आरामशीर.” आम्ही हसलो. तेव्हा हसण्याऐवजी विचार केला असता तर बरं झालं असतं, पण मी आनंदात होतो, आणि आनंदात मला विचार सुचत नाही.

मी निघालो. सवयीने स्टिअरिंग जरासं डावीकडे ओढून धरलं आणि गाडी तडक घरमालकिणीच्या फुलझाडांत शिरली. मी सवयीने ब्रेक दाबला. पहिलाच दाब. विनंतीचा. गाडी जागच्या जागी खिळली आणि मापकाका नाकाने डॅशबोर्डावर गेले.

“ब्रेक प्रमाणापेक्षा जास्त आहे,” ते नाक धरून म्हणाले. परत येताना गाडीतून न येता चालत आले.

मला रात्रभर समाधान होतं की गाडी सरस झालीय. माझं काय झालंय याकडे माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बघूमिस्त्री गाडी सकाळीच कार्यालयात उभी करून गॅरेजला परतला होता. मी आमच्या हिला बरोबर नेलं, कागदांची फाइल धरायला. मापकाका येणार होते, पण नाकाला पट्टी होती. तिथल्या यंत्रांवर गाडी चढवली. धूर तपासला, दिवे तपासले, ब्रेक तपासला. सगळीकडे पास. तपासणी अधिकारी एक शांत बाई होत्या, चष्म्यातून कमी आणि चष्म्यावरून जास्त बघणाऱ्या. म्हणाल्या, “इतकी जुनी गाडी इतकी चांगली ठेवलेली मी पाहिलेली नाही.” माझी छाती फुगली. आमच्या हिने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. तो क्षण मी जपून ठेवला आहे, कारण तो फार टिकला नाही.

“आता मैदानात एक फेरी मारून दाखवा,” त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या. ही मैदानाच्या कडेला फाइल घेऊन उभी राहिली.

मी गाडी काढली. दुसरा गिअर टाकला आणि गुडघा वर घेतला.

“पाय दुखतोय का?” मागून प्रश्न आला.

“नाही मॅडम, गिअरला आधार.”

“त्याला कशाला आधार हवाय?”

मी गुडघा खाली घेतला, पण थोड्या वेळाने तो आपोआप परत वर आला. समोर लाल झेंडी दिसली. मी तीनदा ब्रेक दाबला. तीन धक्के बसले. पहिल्या धक्क्याला बाईंचा चष्मा नाकावर आला, दुसऱ्याला हातात, तिसऱ्याला माझ्या मांडीवर. मी तो अदबीने मागे दिला. त्यांनी तो पुसला आणि पुढे जायची खूण केली.

पुढे डावं वळण होतं.

आता इथे मला समजून घेतलं पाहिजे. इतकी वर्षं मी त्या गाडीत डावीकडे वळत आलो. वळताना हॉर्न वाजायचा, आणि गाडी सरळ झाली की थांबायचा. वळण पुरं झालं हे मला डोळे सांगत नव्हते, हॉर्न सांगत होता, ही गोष्ट मला त्या मैदानात पहिल्यांदा कळली. मी वळायला लागलो आणि हॉर्न थांबायची वाट बघायला लागलो. जो वाजतच नव्हता तो थांबणार कसा? मी वळत राहिलो. एकदा आमची ही समोरून गेली. मग झाडं गेली. मग झेंडी गेली. मग परत ही गेली, आता तिने फाइल तोंडासमोर धरली होती.

“आपण कुठे निघालो आहोत?” बाईंनी विचारलं.

मी ब्रेक दाबला. तीनदाच. चष्मा या वेळी त्यांनी आधीच काढून हातात घेतला होता.

बाई उतरल्या. थोडा वेळ गाडीला एक हात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “गाडीत काहीही दोष नाही. चालवणाऱ्याबद्दल मी तसं लिहू शकत नाही. फेरी पुरी झाल्याशिवाय शिक्का देता येणार नाही. दुसरं कोणी चालवणारं आहे का?”

माझ्या डोळ्यांसमोर कपाटाचा वरचा कप्पा आला. म्हटलं संपलं. आपल्या हाताने आईचा गुरुवार बुडवला.

“मी आहे,” आमची ही म्हणाली.

मी म्हणालो, “अगं, ही गाडी तुला...” आणि गप्प बसलो. सवयीची वाक्यंही त्या दिवशी अंगाशी येत होती.

तिने फाइल माझ्या हातात दिली, आत बसली, आरसा सरळ केला. तो आरसा सरळ होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मग ती गाडी जशी शिकवतात तशी चालवत घेऊन गेली. झेंडीला थांबली, डावीकडे वळली, वळायचं तेवढंच वळली, आणि फेरी पुरी करून माझ्यासमोर अलगद येऊन उभी राहिली.

“बरी आहे की गाडी,” म्हणाली.

शिक्का बसला. बाईंनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की नव्याने शिकणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे सकाळचा एक वर्ग असतो, तो पुरा होईपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावू नये. “लाज वाटून घेऊ नका,” म्हणाल्या. “सगळे तरुण असतात, मदत करतील.”

गुरुवार आला. आईने कपाट उघडलं, पत्ते काढले, चांगले कपडे घातले आणि घड्याळाकडे बघत पर्स घेऊन वेळेच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिली. आमची ही स्टिअरिंगवर बसली. मी मागे, खिडकीशी, हिच्या जागेवर. काच आता खाली येत नव्हती, तरी तळहात तिथे गेलाच.

आई पुढच्या सीटवर बसली आणि खाली गेली. गेली ती गेलीच. काचेच्या वर तिचे फक्त केस राहिले.  आईने दार धरून उठायचा प्रयत्न केला. गुडघा वाकेना, सीट सोडेना. पुन्हा प्रयत्न केला. मी खाली उतरून हात पुढे केला, तर तिने माझ्या हाताकडे असं बघितलं की मी तो मागे घेतला.

“छान झालीय गाडी,” आई म्हणाली. मग जरा थांबून, “आज मला तसा कंटाळाच आलाय. राहू दे. ताईला फोन करून सांगा.”

माझी आई गुरुवारी कंटाळली असं आयुष्यात कधी झालेलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं. ब्रेक केले, गिअर केले, दार आणलं, बाल्कनीत जंगल केलं, वाहन खात्यात इज्जत घालवली, सगळं आईसाठी, आणि शेवटी गाडी पास झाली तेव्हा तिच्यापुरतीच नापास झाली. मी म्हटलं, “अगं पण ही तीच गाडी आहे. तेवढीच उंच आहे. आधी तर तू...”

“आधी खाली काहीतरी कडक होतं,” आई म्हणाली. “फळीसारखं.”

आमच्या हिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

“ड्रॉइंग बोर्ड,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

तो होता नर्सरीत, आमच्या जुन्या सीटमध्ये. आईला उतरवता येत नव्हतं, म्हणून आईसकट निघालो. निघायच्या आधी आईने बाल्कनीकडे बोट दाखवलं. “ती झाडंही घे. रिकाम्या हाताने मागायला जाऊ नये.” निवडुंग परत माझ्या मांडीवर आला. वाटभर आईला आकाश आणि झाडांचे शेंडे एवढंच दिसत होतं. ती बिचारी त्यावरूनच, “आता सिग्नल येईल,” वगैरे म्हणत होती.

नर्सरीत आमची सीट प्रवेशालाच मांडलेली होती, वर ओळीने कुंड्या. मी सगळी कथा सांगितली. नर्सरीवाल्यांनी ऐकून घेतली, गाडीत वाकून आईला नमस्कार केला आणि कुंड्या उतरवायला लागले. कव्हर उसवलं. बोर्ड निघाला, वर कुंड्यांच्या बुडाचे ओले गोल उमटलेले.

“पण हा घालायचा कसा?” मी म्हटलं. “आई उठू शकत नाही.”

“मोठी कुंडी हलवायची तर ती उचलायची नसते, साहेब,” नर्सरीवाले म्हणाले. “कलवायची असते. एका बाजूला कलवायची, खाली फळी सारायची. मग दुसऱ्या बाजूला.”

मी घाबरून आईकडे बघितलं. कोणी हात लावलेला न चालणारी माझी आई, आणि हा भला माणूस तिला तोंडावर कुंडी म्हणत होता.

आई वर बघत म्हणाली, “कलव बाबा. फक्त पाणी घालू नकोस.”

एकीकडून मी, एकीकडून ही. आई डावीकडे कलली, बोर्ड अर्धा आत गेला. आई उजवीकडे कलली, बोर्ड पुरा बसला. आणि काचेच्या वर आधी तिचं कपाळ आलं, मग डोळे, मग सगळी आई. तिने एकदा इकडे, एकदा तिकडे रस्ता बघून घेतला. मग दार उघडून, गुडघा सरळ ठेवून, ‘माझी मी’ म्हणते तशी उतरली, नर्सरीवाल्यांच्या समोर उभी राहिली, त्यांना म्हणाली, “येते,” आणि परत जाऊन बसली. गरज नव्हती. पण तिला खात्री करायची होती, आणि मला वाटतं आम्हाला दाखवायचंही होतं.

मावशीच्या भागात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. आई पर्स उघडत होती, बंद करत होती. “ताईने पत्ते ठेवून दिले असतील,” म्हणाली. “वाट बघून झोपली असेल. तिला कसं कळणार आपण आलो ते?”

मावशीची गल्ली आली. गाडी डावीकडे वळायला लागली, शहाण्यासारखी, गुपचूप. मी मागे बसून त्या शांततेचा राग राग करत होतो. आणि तेवढ्यात हॉर्न वाजला.

मला वाटलं आतल्या आत पुन्हा काहीतरी लागलं. पुढे वाकून बघतो तर आमच्या हिने हॉर्नवर हात दाबून धरला होता. वळण सुरू झालं तिथपासून गाडी सरळ होईपर्यंत, अगदी तेवढाच, आधी वाजायचा तस्साच. रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघत होते. ती खाली वाकली नाही. मान ताठ ठेवून समोर बघत राहिली, कान मात्र लाल झाले होते.

आतून मावशीचा आवाज आला, “आली गं बाई एकदाची. वाटते हो पानं.”

आई उतरली, आणि आनंदाच्या भरात तिने दार आपटलं. नेहमीचं, पूर्ण ताकदीचं. बघूमिस्त्रीने इतक्या निगुतीने बसवलेली दाराची मूठ निखळून माझ्या पायाशी येऊन पडली. आईने मागे वळूनही बघितलं नाही. ती निघाली होती.

मी मूठ उचलली. आमच्या हिने आरशातून विचारलं, “बघूमिस्त्रीकडे घ्यायची का गाडी?”

“नको,” मी म्हटलं आणि मूठ खिशात टाकली.